तांब्यातलं पाणी आणि रवाल चाल

सीमाभागात घोडा विकायला काढला की पहिला शब्द येतो तो 'गरीब'. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडच्या एका मळ्यात मी पाहिलेला सौदाही तिथूनच सुरू झाला. "गरीब हाय बघा अण्णा, पोरानं धरली तरी चालतीया." पुढचं निम्मं बोलणं कानडीत. घेणाऱ्या म्हाताऱ्यानं घोडीचे दात पाहिले, अंगावरचे भोवरे तपासले (भोवऱ्यांवरून किंमत खालीवर होते, मला ते कधी पटलं नाही), आणि मग पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या स्वाराच्या हातात दिला. घोडी बांधाच्या कडेनं जाऊन आली. पाणी जवळपास होतं तेवढंच.

ही रवाल चाल. दुडकीत पुढचा डावा नि मागचा उजवा असे तिरपे पाय जोडीनं पडतात, मध्ये क्षणभर चारी खूर हवेत असतात, आणि त्याचा हिशेब स्वाराच्या कमरेला द्यावा लागतो. रवालीत चारी खूर एकामागून एक पडतात, कुठला ना कुठला पाय जमिनीला टेकलेलाच. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांत ही चाल उपजत दिसते. २०१२ मध्ये आइसलँडच्या घोड्यांच्या अभ्यासातून अशा चालींशी जोडलेला डीएमआरटी३ या जनुकातला बदल सापडला. पण रक्तात असलेली चालही घोटून घ्यावी लागते. पूर्वी ते काम घोडा शिकवणाऱ्या चाबूकस्वाराचं.

बेळगावचा घोड्याशी संबंध मुळात घाटांमुळे. विजयनगरला अरबी घोडे मिळत ते पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून, घाट चढून. १४७२ च्या सुमारास बहमनी वजीर महमूद गवाननं गोवा घेतला आणि लगेच बेळगावच्या किल्ल्यालाही वेढा दिला, त्यामागे हा घोड्यांचा व्यापारही होता. १५१० नंतर गोव्यात पोर्तुगीज आले आणि व्यापाराच्या नाड्या त्यांच्या हाती गेल्या. अर्थात हे घोडे लढाईचे, दरबाराचे. मराठी फौजेचा भार मुख्यतः भीमथडीच्या काटक तट्टांवर होता. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदाराचा स्वतःचा असे. घोडा मेला की शिलेदाराच्या पोटावरच पाय.

देसाई, इनामदार, वसुलीला फिरणारा कारकून यांना मात्र धावणारा घोडा नकोच होता. दिवसभर पांदीतून, शेतांच्या कडेनं फिरायचं, तर अंग न हलवणारं, बुजरं नसलेलं, वाट ओळखणारं जनावर हवं. कोवळ्या शिंगरापेक्षा बारा-चौदा वर्षांची सरावलेली घोडी त्यांना परवडे.

१८१८ मध्ये इंग्रजांच्या मन्रोनं बेळगावचा किल्ला घेतला, १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा होऊन बेळगाव जिल्हा झाला. पागा मोडल्या, पण माझ्या मते रवालीला खरा फटका दिला सडकांनी, आणि मागून आलेल्या रेल्वेनं. सडक झाली की माणूस खोगिरावरून उतरून टांग्यात बसतो, आणि टांग्याला दुडकी चाल लागते. युरोपात हेच आधी घडलं होतं: रस्ते सुधारले, बग्ग्या आल्या आणि तिथले आरामशीर चालीचे घोडे मागे पडले.

आज या पट्ट्यात घोडा दिसतो तो शर्यतीच्या गाडीला, वरातीत, नाहीतर धनगराच्या बिऱ्हाडाखाली. त्या तट्टाच्या पाठीवर भांडी, वाकळा, कोकरं आणि सगळ्यांत वर एखादं पोर.

मग म्हाताऱ्याला घोडी कशाला हवी होती? त्याचा मळा काळ्या रानात. पावसाळ्यात मोटरसायकल चिखलात रुतते, आणि गुडघे तर गेलेलेच. उसाला रोज एक फेरी मात्र चुकवायची नाही. पैसे मोजून दिल्यावर त्यानं कासरा हातात घेतला, घोडीच्या मानेवर थाप मारली आणि पहिल्या दिवशी तिच्यावर न बसता, तिच्याशेजारून लंगडत घराकडे निघाला.