दुपारी वाढलेली हवा सोडू नका

ट्रेलर ओढणाऱ्यांत एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे: उन्हात टायरचा दाब मोजणाऱ्या सेन्सरने जास्त दाबाचा इशारा दिला, की थांबून टायरमधली थोडी हवा सोडा. हे चक्क उलटं आहे.

टायरवर छापलेला दाब थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असतानाचा. सकाळी २५ अंशांना ८० पीएसआय भरलेल्या टायरमधली हवा धावताना ५५ अंशांवर गेली, की काटा ८९-९० दाखवतो. ही वाढ टायर बनवणाऱ्याने धरलेलीच असते. ती सोडून पुन्हा ८० केलेत, तर दुसऱ्या सकाळी जेमतेम ७१ उरतात. कमी हवेच्या टायरच्या बाजू जास्त वाकतात, त्यातून उष्णता वाढते आणि भरल्या ट्रेलरखाली टायर फुटतो तो अशाने. (आपल्याकडचं 'उन्हाळ्यात हवा कमीच भरा' हाही त्याच माळेचा मणी.)

मग इशारा का वाजतो? अमेरिकेत २००७ पासून नव्या मोटारींना हे सेन्सर सक्तीचे आहेत, ट्रेलरला नाहीत. ट्रेलरच्या सेन्सरला इशाऱ्याच्या मर्यादा बहुधा आपणच ठरवायच्या असतात. ८० ला ८५ ची मर्यादा लावली, तर रोज दुपारी बोंब होणारच. वरची २० ते २५ टक्के जास्त, म्हणजे ९६ ते १०० ठेवा. खालची १० ते १५ टक्के कमी. मूळ दाब निघण्यापूर्वी, सावलीत नोंदवा.

एकच चाक इतरांपेक्षा बरंच तापलं, तर मात्र थांबाच. बेअरिंग गेलेलं किंवा ब्रेक घासत असू शकतो.