अपलोडचे शंभर टक्के नेमके कोणाचे? : पार्श्वभूमी

वेबपानावरच्या फॉर्ममधून फाइल पाठवायची (अपलोडची) सोय १९९५ ची. किती गेली, हे पानाला कळून भरत जाणारी टक्क्यांची पट्टी दाखवायची सोय मात्र त्यात नव्हती. त्यामुळे सुरुवातीला मोजणी सर्व्हरवर व्हायची आणि पान सेकंदा-सेकंदाला जाऊन आकडा विचारायचं. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी या भाषेच्या ५.४ आवृत्तीने २०१२ मध्ये हेच सेशनमधून, म्हणजे त्या वापरकर्त्यासाठी सर्व्हरवर ठेवलेल्या नोंदीतून दिलं. पण पीएचपीच्या समोर एनजिनएक्स हा मधला वेबसर्व्हर बसवलेला असला की ते बंद पडतं. तो मुळात आख्खी फाइल स्वतःकडे उतरवून घेतो, मगच पीएचपीला देतो.

तोवर मोजणी ब्राउझरकडे गेली होतीच. फायरफॉक्स ३.५ (२००९) पासून एक्सएचआरच्या (पान न बदलता सर्व्हरशी बोलायच्या ब्राउझरमधल्या सोयीच्या) अपलोडवर प्रोग्रेस इव्हेंट, म्हणजे प्रगतीची सूचना मिळते, त्यात लोडेड (किती गेलं) आणि टोटल (एकूण किती).

खरी भानगड इथंच आहे. लोडेड म्हणजे ब्राउझरने पुढे ढकललेले बाइट; सर्व्हरच्या हाती पडलेले नव्हेत. हिंगोलीतल्या सेवा केंद्रातून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर २०० एमबीचा स्कॅन पाठवला आणि वर जायचा वेग २ एमबीपीएस असला, तर साडेतेरा मिनिटं धरून चाला. पट्टी भरते, पण सर्व्हरचं लिहिणं-तपासणं बाकीच असतं. समोरचा वैतागून रिफ्रेश मारतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू. बरेच जण यावर पट्टी ९९ वर अडवून ठेवतात. ती निव्वळ रंगसफेदी. पट्टी भरली की ‘पाठवली, तपासणी सुरू’ असं सरळ लिहावं. ‘झालं’ हे अपलोडच्या लोड इव्हेंटवर (ब्राउझरचं पाठवणं संपल्याच्या सूचनेवर) म्हणू नये. सर्व्हरचं २०० (म्हणजे ‘यशस्वी’ या अर्थाच्या कोडचं) उत्तर हाती आल्यावरच म्हणावं.

एक्सएचआरनंतर आलेल्या फेच या सोयीत तर हा प्रोग्रेस इव्हेंटच नाही. क्रोम १०५ पासून स्ट्रीम (फाइल थोडी थोडी वाहती करून) पाठवून बाइट मोजता येतात, पण तिथंही मोजलं जातं ते स्ट्रीममधून उचललेलं.

२०१० पासून ॲमेझॉन एस३ या क्लाउड स्टोरेजमध्ये तुकड्यांनी पाठवणं आलं आणि पोच पुन्हा सर्व्हरकडून मिळू लागली. शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबी, जास्तीत जास्त १०,००० तुकडे. वरच्या फाइलचे ४० होतात, प्रत्येकाला २० सेकंद. लाइट गेली तरी पोच मिळालेले तुकडे शाबूत, मात्र अपलोड आयडी (त्या अपलोडला मिळालेला ओळख क्रमांक) ब्राउझरमध्ये जपून ठेवलेला हवा. तुकडा फसला की पट्टी मागे येते, येऊ द्यावी. कॉर्समध्ये (दुसऱ्या साइटच्या पानाला काय वाचू द्यायचं, या नियमांत) ईटॅग हेडर, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या पोचेसोबत येणारी खूण उघडं करायचं राहिलं, तर सगळे तुकडे जाऊनही शेवटची जोडणी अडते. अर्धवट सोडलेल्या तुकड्यांचं भाडंही चालूच राहतं. ते तुकडे ठरावीक दिवसांनी पुसायचा नियम बकेटवर (फाइली ठेवायच्या क्लाउडमधल्या कप्प्यावर) आधीच लावावा.