गॅलरीच्या फरशीपासून ऑपेरापर्यंत : मिनिमल संगीताच्या मैफलीची पार्श्वभूमी

अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांची ‘म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स’ ही रचना रेकॉर्डवर ऐकून ‘यात तेच तेच आहे’ म्हणणारे बरेच भेटतात. समोर बसून ऐकली की त्यांतल्या अनेकांचं मत बदलतं. का, ते कळायला हे मिनिमल संगीत, म्हणजे छोटे तुकडे पुन्हा पुन्हा घोळवत हळूहळू बदलत जाणारं संगीत, कुठे आणि कोणासमोर वाढलं हे पाहावं लागतं.

मोठ्या सभागृहांनी त्याला सुरुवातीला दार उघडलंच नाही. १९६०च्या आसपास अमेरिकेतल्या विद्यापीठांत बारा स्वरांच्या काटेकोर पद्धतीची चलती होती. ठाशीव लय, एका स्वराभोवती रेंगाळणं, उघड पुनरावृत्ती या गोष्टी तिथे मागासलेल्या ठरत. संगीतकार ला माँट यंग यांनी १९५८ मध्ये तीन तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेत एकेक स्वर प्रचंड लांबवला होता. पण वारं खरं फिरलं ते संगीतकार टेरी रायली यांच्या ‘इन सी’ या रचनेने. ४ नोव्हेंबर १९६४ रोजी सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरमध्ये ती पहिल्यांदा सादर झाली. सुरावटीचे ५३ छोटे तुकडे, वाद्य कोणतंही, वादक कितीही. सगळ्यांनी क्रमाने पुढे सरकायचं, पण एक तुकडा किती वेळा घोळवायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. तालमीत लय सुटू लागली, तेव्हा वादकांतच बसलेल्या राइश यांनी पियानोवर वरच्या सप्तकातला ‘सी’ हा स्वर सतत ठोकत राहण्याची सूचना केली. तो ठोका आज या रचनेची ओळख आहे. प्रत्येक सादरीकरणात तिची लांबी आणि पोत वेगळा असतो, त्यामुळे कोणतंही ध्वनिमुद्रण म्हणजे त्या एका दिवसाची ‘इन सी’.

न्यूयॉर्कमध्ये या मंडळींना आसरा दिला तो चित्रकार-शिल्पकारांनी. राइश यांनी १९६७ मध्ये पार्क प्लेस गॅलरीत कार्यक्रम केले, पुढे संग्रहालयांतही वादन झालं. शिल्पकार सोल लेविट यांनी राइश यांच्या रचनांची हस्तलिखितं विकत घेतली आणि त्या पैशांतून राइश यांच्या ‘ड्रमिंग’ या रचनेसाठी वाद्यं आली. याच मंडळींतले संगीतकार फिलिप ग्लास तेव्हा नळजोडणीची कामं करत, टॅक्सी चालवत. या जागांमध्ये रंगमंच आणि प्रेक्षागृह अशी विभागणी नव्हती. श्रोता वादकाच्या हाताभर अंतरावर असे, कंटाळला तर उठून जाई. माझ्या मते या संगीताची ऐकण्याची रीत तिथेच घडली.

आपल्याकडे कधी कधी ऐकू येतं की हे सगळं भारतीय संगीतातून उचललेलं आहे. ते खरं नाही, पण नातं मात्र अस्सल आहे. ग्लास १९६५ च्या सुमारास पॅरिसमध्ये शिकत असताना पंडित रविशंकर यांचं चित्रपटसंगीत स्वरलिपीत उतरवून घेण्याचं काम त्यांच्याकडे आलं. पाश्चात्त्य पद्धतीने मात्रांचे भाग पाडले की आघात चुकीच्या जागी पडत, आणि उस्ताद अल्लारखाँ पुन्हा पुन्हा सांगत की सगळे स्वर सारखे आहेत. शेवटी ग्लास यांनी विभागणीच्या उभ्या रेघाच खोडून टाकल्या. दोन-दोन, तीन-तीन मात्रांचे गट जोडत लय वाढवत नेण्याची त्यांची पद्धत या अनुभवातून आली. यंग आणि रायली यांनी १९७० पासून पंडित प्राणनाथ यांच्याकडे तालीम घेतली. प्राणनाथ हे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य, म्हणजे किराणा घराण्याचे. मिरजेत स्थायिक झालेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याच घराण्याची ही दुसरी शाखा. पण ‘इन सी’ आणि यंग यांची तीन तंतुवाद्यांची ती रचना प्राणनाथ भेटण्याआधीची आहे, हेही ध्यानात ठेवायला हवं. राइश यांचा ओढा तर वेगळाच होता : १९७० मध्ये ते ढोलवादन शिकायला घानाला गेले.

मोठ्या सभागृहाशी गाठ पडली ती वादळी. जानेवारी १९७३ मध्ये कंडक्टर मायकेल टिल्सन थॉमस यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये राइश यांची ‘फोर ऑर्गन्स’ घेतली. चार ऑर्गन, माराकास या खुळखुळ्यासारख्या वाद्याचा अखंड ठेका आणि हळूहळू लांबत जाणारा एकच स्वरसमूह. श्रोते आले होते मोत्सार्ट, लिस्ट, बार्टोक ऐकायला. रचना लवकर संपावी म्हणून लोकांनी मध्येच टाळ्या वाजवल्या, आरडाओरडा केला. थॉमस यांच्या आठवणीनुसार एक बाई पुढे येऊन रंगमंचाच्या कडेवर डोकं आपटू लागल्या. गोंगाटात वादकांना एकमेकांचं ऐकू येईना, तेव्हा थॉमस यांना मात्रा ओरडून मोजाव्या लागल्या.

तीन वर्षांत चित्र पालटलं. २४ एप्रिल १९७६ रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये ‘एटीन म्युझिशियन्स’ झाली. त्याच वर्षी ग्लास आणि नाट्यदिग्दर्शक रॉबर्ट विल्सन यांचं ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हे ऑपेरा फ्रान्समधल्या आव्हीन्यों महोत्सवातून निघून नोव्हेंबरमध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये पोहोचलं. सुमारे पाच तास, मध्यांतर नाही. हवं तेव्हा बाहेर जा, हवं तेव्हा परत या. गॅलरीतली मुभा अशी ऑपेराच्या खुर्च्यांपर्यंत आली. रात्रभराच्या गाण्याला बसलेल्या माणसाला तिचं नवल वाटणार नाही.

‘एटीन म्युझिशियन्स’ प्रत्यक्ष पाहताना पहिली गोष्ट जाणवते ती कंडक्टर नसल्याची. सुरुवातीलाच अकरा स्वरसमूह एकामागून एक येतात. क्लॅरिनेट वाजवणारे आणि गायिका एक श्वास पुरेल तेवढाच वेळ स्पंदन धरतात. ते उमलतं आणि ओसरतं. रेकॉर्डवर ते लाटांसारखं ऐकू येतं, सभागृहात मात्र कोणाचा श्वास कुठे संपला ते दिसतं. पुढचा भाग कधी सुरू करायचा हे व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) वाजवणारा ठरवतो, आणि तबलजीचा तिहाईचा इशारा ओळखावा तसे बाकीचे तो इशारा उचलतात. मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावरचा एक जण थकला की दुसरा शेजारी उभा राहून त्याच्याच लयीत हात मिळवतो, मग पहिला बाजूला होतो. ठोका तसूभरही हलत नाही. सुमारे तासभर असं माणसांचं येणं-जाणं चालू असतं, आणि ‘तेच तेच’ वाटणारी गोष्ट तशीच ठेवायला किती लक्ष लागतं ते समोर दिसतं.

ही रचना कित्येक वर्षं राइश यांच्याच वादकसंचापुरती राहिली, कारण वादकांकडे फक्त आपापल्या खुणांचे कागद होते. १९९०च्या दशकात संगीतकार मार्क मेलिट्स यांनी तिची संपूर्ण स्वरलिपी तयार केली, आणि त्यानंतर इतर वाद्यवृंद व संगीत महाविद्यालयांतले विद्यार्थीही ती वाजवू लागले. कधी तिकीट मिळालं तर व्हायब्राफोन आणि मारिंबावाल्यांचे हात दिसतील अशी खुर्ची मागून घ्या.