हलक्या विमानाचे अवतरण

दोन-चार आसनांचे, एका इंजिनाचे विमान धावपट्टीवर उतरवण्याची क्रिया. वैमानिकांच्या बोलण्यात ‘लँडिंग’. यातले अपघात बहुधा जीवघेणे नसतात. पुढचे चाक मोडते, नाकावरचा पंखा (प्रोपेलर) जमिनीला घासतो, विमान पट्टीबाहेर काळ्या मातीत रुतते. दोष मात्र चाके टेकतानाच्या हातापेक्षा मिनिटभर आधी राखलेल्या वेगात आणि उंचीत शोधावा.

उतरताना वेग साधारणपणे स्टॉलच्या, म्हणजे ज्याखाली पंखांची उचल तुटते त्या, वेगाच्या १.३ पट ठेवतात. पूर्ण फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली वळणाऱ्या झडपा) लावलेल्या सेसना १७२ या चार आसनी विमानाला ६० ते ६५ नॉट (ताशी सागरी मैल) पुरतात. ‘थोडा जास्त बरा’ म्हणून १० टक्के वेग वाढवला, तर ऊर्जा २१ टक्के वाढते. मग विमान पट्टीवर तरंगत राहते, खाली बसतच नाही. पट्टी संपत चालली की नवशिका घाबरून नाक खाली दाबतो. पुढचे चाक आधी आपटते, विमान उसळते, तो पुन्हा दाबतो. प्रत्येक उसळी आधीपेक्षा वाईट. इलाज एकच, पूर्ण थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा) देऊन परत वर जाणे, म्हणजे ‘गो-अराउंड’. तो कमीपणाचा वाटतो, म्हणून उशिरा होतो.

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटरवर आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की तिथली हवा सुमारे ५,००० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. विरळ हवेत वेगाचा काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो; त्यावर ६५ नॉटच दिसतात, पण वारा नसताना जमीन ७० नॉटने मागे पळते. तो वेग डोळ्यांना जास्त वाटतो आणि हात नकळत थ्रॉटल मागे ओढतो. स्टॉलची वाट इथूनच सुरू होते. म्हणून नजर बाहेर असली तरी विश्वास काट्यावर. शिवाय अशा हवेत इंजिनाचा जोरही घटतो, त्यामुळे गो-अराउंडचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. दुपारी नांगरलेल्या रानावरून येताना विमान वर ढकलले जाते आणि तलावावर आले की खाली बसते, ते वेगळेच.

उतरण्याच्या वाटेतले अडथळे हा सोलापूरचा जुना विषय. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंच चिमणी त्यासाठीच १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली.

पट्टीची दिशा १५/३३, म्हणजे दक्षिण-आग्नेय ते उत्तर-वायव्य. पावसाळी वारे पश्चिम-नैऋत्येचे, त्यामुळे ते बहुतेक आडवेच लागतात. नाक वाऱ्याकडे वळवून यायचे, टेकण्याआधी रडरने (शेपटीवरच्या सुकाणूने) ते पट्टीच्या रेषेत आणायचे आणि वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवायचा. त्या बाजूचे चाक आधी टेकते, ते बरोबरच आहे. चाके टेकली म्हणून हात सैल सोडायचे नाहीत; वेग उतरेल तसा एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारी पंखावरची झडप) वाऱ्याकडे आणखी वळवत न्यावा लागतो, नाहीतर तोच पंख वारा उचलतो.