परका शब्द मराठी कधी होतो?

ऊसतोडणी सुरू झाली की कोल्हापूरच्या आसपासचे रस्ते ट्रॉल्यांनी भरून जातात. 'ट्रॉली' इंग्रजीतून आली, पण अनेकवचन काही तिकडून घेऊन आली नाही. शेवटी ई असल्यामुळे ती आपोआप 'ती' झाली आणि चिमणीच्या चिमण्या होतात तशा ट्रॉलीच्या ट्रॉल्या झाल्या. भाकरीच्या भाकऱ्या, तशा बॅटरीच्या बॅटऱ्या. हे कुणी ठरवून केलं नाही, कुणाला शिकवावंही लागलं नाही.

नवा शब्द भाषेत कसा शिरतो, याचं निम्मं उत्तर अशा नकळत चालणाऱ्या नियमांत आहे. जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेनं १९५८ मध्ये लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि त्याचं नाव 'वग' असं सांगितलं. मग असे दोन प्राणी दाखवून विचारलं, आता हे काय? बहुतेक मुलं म्हणाली, 'वग्ज'. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता. म्हणजे मूल नुसते शब्द पाठ करत नाही, शब्द घडवायची रीतच उचलतं.

आपल्याकडे हाच प्रयोग रोज चालतो. चहाबिहा, पाणीबिणी, रस्साबिस्सा. मूळ शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, तिथं 'बि' बसवायचा, की 'आणि तसलंच काहीतरी' हा अर्थ तयार. आता अगदी अलीकडची वस्तू घ्या: मोबाईलबिबाईल, चार्जरबिर्जर. कोशात न सापडणारी ही रूपं पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही लगेच कळतात.

पण शब्द वापरात येणं वेगळं आणि मुरणं वेगळं. माझ्या मते मुरण्याची खरी कसोटी सामान्यरूपाची. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्द वाकतो: वाट, वाटेत, गरीब, गरिबाला. 'बँक' अशीच वाकून 'बँकेत' झाली. 'तिकीट' तर 'तिकिटाला' होताना आतला दीर्घ ईकारही ऱ्हस्व करून बसलं. 'मोबाईल' मात्र अजून उंबऱ्यावरच आहे. आपण 'मोबाईलचा' म्हणतो, 'मोबाईलाचा' म्हणत नाही. शब्दाचा शेवट मराठी वळणाचा असेल तर काम सोपं होतं. डब्यात ठेवावं तितक्याच सहज आपण सोफ्यावर बसतो. म्हणून परक्या शब्दांनी मराठी बुडेल ही भीती मला पटत नाही. चिंता करायचीच, तर आपल्या मुलांच्या बोलण्यातून सामान्यरूपं गळू लागली तर करावी.

शब्द जाणूनबुजूनही घडवले जातात, आणि त्यातल्या एका घराण्याची नाळ कोल्हापूरशी जुळलेली आहे. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीही इथेच सुरू झाली आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट तिनं काढला. 'बोल' आणि 'पट' हे दोन्ही शब्द मराठीत आधीपासूनचे, जोड नवी. पडद्यावरची माणसं बोलू लागेपर्यंत न बोलणाऱ्या चित्रपटाला वेगळं नाव लागलंच नव्हतं. बोलपट आला आणि जुन्यांना 'मूकपट' म्हणून वेगळं काढावं लागलं. पुढे सगळेच चित्रपट बोलू लागले, तेव्हा 'बोलपट' हा शब्दही मागे पडला. मोबाईल आल्यावर घरातल्या साध्या फोनला 'लँडलाईन' म्हणणं भाग पडलं, ते याच न्यायानं.

घडवलेला प्रत्येक शब्द जगतोच असं नाही. सावरकरांनी दिलेला 'महापौर' कारभारात शिरला आणि टिकला. 'दूरदर्शन' आणि 'आकाशवाणी' हेही जगले, पण वाहिनीची आणि केंद्राची नावं होऊन. घरातली वस्तू टीव्ही आणि रेडिओच राहिली, कारण ती नावं आधीच तोंडात बसली होती. 'भ्रमणध्वनी' आज मुख्यतः छापील अर्जांत आणि पत्रिकांवर भेटतो.

याउलट 'वडाप'. गावोगावचे प्रवासी भरून धावणाऱ्या जीपला आपल्या भागात रूढ झालेला हा शब्द ना कुठल्या समितीनं दिला, ना शाळेनं शिकवला. लोक 'वडापनं आलो' म्हणतात, आणि '-वाला' लागून 'वडापवाला' हा त्याचा पुढचा शब्दही कधीच तयार झाला आहे.