हॉट टब : नवा घ्यावा की वापरलेला?

थंडी पडू लागली की आमच्याकडे हमखास एक प्रश्न येतो. नागपूरजवळ हिंगण्याकडे किंवा काटोल रोडला फार्महाउस बांधून झालेलं असतं आणि ओळखीतला कोणीतरी आपला जुना हॉट टब, म्हणजे जेटचा, गरम पाण्यात चारचौघांनी बसायचा टब, अर्ध्या किमतीत द्यायला तयार असतो. घ्यावा का? आम्ही नवे टब बसवतो, जुने दुरुस्तही करतो, त्यामुळे दोन्हीकडचं बघितलेलं आहे.

आमचा पहिला प्रश्न किमतीचा नसतो. टब ठेवणार कुठे, हे आम्ही आधी विचारतो. चार माणसांच्या टबात साधारण १००० लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन एक टन. त्यात टब आणि बसणारी माणसं धरली की दीड टन होतं, तेही जेमतेम चार चौरस मीटर जागेवर. घराची गच्ची बांधताना दर चौरस मीटरला १५० ते २०० किलोचा वापराचा भार धरलेला असतो; इथे तो पावणेचारशेच्या घरात जातो. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय आम्ही गच्चीवर टब चढवत नाही, मग तो नवा असो की जुना. अंगणात सिमेंट काँक्रीटचा सपाट ओटा सगळ्यात बरा.

आता पाणी. उन्हाळा संपता संपता कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर जमतो, तो नागपुरात कोणाला ठाऊक नाही? बोअरचं जड पाणी टबात भरलं की तोच थर हीटरच्या कॉइलवर चढतो आणि कॉइल आतल्या आत तापून जळते. जुन्या टबात बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. नवा घेतला तरी क्षारांमुळे झालेला बिघाड वॉरंटीत सहसा धरत नाहीत. फार्महाउसवर बोअरचंच पाणी असेल, तर सॉफ्टनरचा, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्राचा, खर्च टबाच्या किमतीतच धरा.

जुना टब बघायला जाल तेव्हा तो भरलेला आणि चालू हवा. कोरडा, पुसून चकचकीत केलेला टब बघून व्यवहार करू नका, एवढं आमचं कळकळीचं सांगणं आहे. मागच्या हिवाळ्यात एका ग्राहकासोबत आम्ही असा एक टब बघायला गेलो होतो. वरून आरशासारखा, कुठे ओरखडा नाही. पाणी भरून जेट सुरू केले आणि दोन मिनिटांत काळसर, बुळबुळीत पापुद्रे वर तरंगायला लागले. पाइपांच्या आत साचून राहिलेल्या पाण्यात जंतूंचा असा थर धरतो. कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात आणि जेटच्या तुषारांतून थेट फुप्फुसात जातात. पाइप धुण्याचं औषध घालून तीनदा पाणी बदललं, तेव्हा कुठे ते स्वच्छ यायला लागलं. त्यानंतर बाजूची फळी उघडली, तर आतला, उष्णता धरून ठेवणारा फोम ओला. कुठेतरी सांधा गळत होता आणि तो शोधायला सगळा फोम खरवडावा लागणार होता. ग्राहकाला आम्ही नको म्हटलं.

म्हणून फळी उघडून दाखवायला तयार नसलेल्या विक्रेत्याकडून घेऊ नका. झाकण उचलून बघा. एकट्याला उचलेना इतकं जड लागलं, तर आतला फोम पाणी प्यायलेला आहे. पंप घरघरला, तर बेअरिंग जात आलं. टब बाहेरून आणलेला असेल, तर मोटरवरची पट्टी वाचा : अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. ६० साठीची मोटर इथे सुमारे सहाव्या हिश्श्याने हळू फिरते आणि जास्त तापते. कंट्रोल बोर्डाचं मॉडेल बंद झालं असेल, तर एका बोर्डापायी सगळा टब अडून बसतो.

हे सगळं ठीक निघालं, तर पाच-सहा वर्षं वापरलेला टब खुशाल घ्या, पैसे वाचतील. नाहीतर नवाच घ्यावा, आणि लहान मुलं किंवा वयस्कर माणसं वापरणार असतील तर आम्ही नव्याकडेच झुकतो.

विजेचा हिशोब दोन्हीकडे सारखाच. १००० लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे १.१६ युनिट लागतात. डिसेंबरात १८ अंशांचं पाणी ३८ वर न्यायचं, तर २३ युनिट, आणि ३ किलोवॅटच्या हीटरला आठ तास तरी. पाहुणे सातला येणार असतील, तर सकाळीच बटन दाबा. वेगळी लाइन, पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) यांत आम्ही तडजोड करत नाही. पाणी ४० अंशांच्या वर नेऊ नका. गरोदर बायकांनी आणि हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच बसावं.

मे महिन्यात मात्र उलट अडचण येते. पारा ४५ ला टेकला की हीटर बंद असूनही पाणी गरम राहतं आणि क्लोरीन भराभर उडतं. वर शेड हवीच. उन्हाने झाकणाचं रेक्झिनही तडकतं, म्हणून जुन्या टबाचं झाकण बदलावं लागेल असं धरूनच किंमत ठरवा.

जुना टब बघायला आम्हाला सोबत न्यायचं असेल, तर विक्रेत्याला तो आदल्या दिवशी भरायला सांगा आणि पाण्याच्या पातळीवर पेन्सिलची खूण करून झाकून ठेवायला सांगा. सकाळी पाणी खुणेखाली किती गेलं, ते आपण मिळून बघू.