तारेवर धूळ, पिकअपवर पाणी

गाडी पिकअप घेत नाही, ॲव्हरेज उतरलंय आणि चेक इंजिनचा दिवा लागलाय. स्कॅनर लावला की पी-०१७१ हा कोड येतो, म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. मग बरेचदा एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरवर खापर फुटतं आणि तो बदललाही जातो. खरं तर त्या बिचाऱ्याने तक्रार बरोबर नोंदवलेली असते. खोटं बोलणारा दुसराच असतो.

तो बसलेला असतो एअर फिल्टरनंतरच्या नळीत. त्याला एमएएफ सेन्सर म्हणतात आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचं वस्तुमान मोजणं हे त्याचं काम. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. तापलेली किंवा घाटमाथ्यावरची हवा विरळ असते, म्हणून नुसते लिटर मोजून भागत नाही. सेन्सरमध्ये एक बारीक तार किंवा पातळ पापुद्रा विजेने तापवून आजूबाजूच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवलेला असतो. हवा जितकी जास्त, तितका तो निवतो आणि तितकी जास्त वीज ओतावी लागते. या विजेवरून हवा कळते. वाहत्या हवेत तार किती उष्णता गमावते याचं गणित लुई किंगने १९१४ मध्येच मांडलं होतं.

तारेवर धूळ आणि तेलाचा थर बसला की तिला स्वेटर घातल्यासारखं होतं. ती कमी निवते, हवा कमी आली असं ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं आणि तो पेट्रोलही कमी सोडतो. बॉशच्या सुरुवातीच्या सेन्सरमध्ये यावर झकास तोड होती. इंजिन बंद झाल्यावर तार क्षणभर सुमारे १००० अंशांपर्यंत तापवून मळ जाळून टाकायचा. पुढे पापुद्र्याचे सेन्सर आले आणि ही सोय गेली.

सेन्सरला हात लावण्याआधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू नेहमीपेक्षा किती टक्के इंधन वाढवून देतोय ते. आयडलिंगला ट्रिम खूप वर आणि रेस वाढवल्यावर खाली येत असेल, तर सेन्सरच्या पुढे कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. उलट आयडलिंगला ठीक आणि चढावर १५-२० टक्के असेल, तर संशय एमएएफवर. अर्थात कमजोर फ्युएल पंपही असंच दाखवतो. तेव्हा ग्रॅमचा आकडा पाहावा. १.५ लिटरचं बिनटर्बो इंजिन ३००० आरपीएमला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना, सेकंदाला ३५-४० ग्रॅम हवा ओढतं. स्कॅनर २५ म्हणतोय आणि ट्रिम चढलेली आहे, तर चोर सापडला.

पण आपल्याकडच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत एमएएफ नसतोच. तिथे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. आधी ते पाहून घ्या, नाहीतर शोधत बसाल.

साफसफाई सोपी आहे, पण हात आवरायला हवा. इग्निशन बंद, सेन्सर गार, मगच सॉकेट काढा. फक्त एमएएफ क्लीनरचा फवारा लांबून मारा. कार्ब्युरेटर क्लीनर, ब्रश, इअरबड, कॉम्प्रेसरची हवा, काहीही नको. फवारा ज्वलनशील असतो, त्यामुळे पूर्ण वाळल्याशिवाय गाडी चालू करू नका. तेल लावायचा कापडी फिल्टर असेल, तर जास्तीचं तेल पुन्हा तारेवरच येणार. मग कोड पुसून थोडी गाडी चालवा. ट्रिम तरीही खाली आली नाही, तर नवा सेन्सर घेण्याआधी पंपाचं प्रेशर तपासून घ्या.